कोरा ठेवलेला अर्धा कागद

सीबीडी म्हणजे सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट, हे बेलापुरात वीस वर्षं राहिलेल्यालाही जरा आठवून सांगावं लागतं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने नकाशावर हे नाव लिहिलं तेव्हा दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांचा भार इकडे खेचायचा बेत होता. मंत्रालय काही खाडी ओलांडून आलं नाही. आलं ते कोकण भवन, म्हणजे विभागीय आयुक्तांचं कार्यालय आणि त्याच्या पाठोपाठ आलेली सरकारी खाती. जवळच सिडको भवन. स्टेशनाशेजारी बेलापूर भवन, कोकण रेल्वेचं मुख्यालय. रिझर्व्ह बँकेचं कार्यालय आलं. पामबीच रस्त्याच्या टोकाला, किल्ले गावठाणापाशी, महापालिकेची घुमटाची इमारत उभी राहिली. व्यापाऱ्यांसाठी मांडलेल्या पाटावर आधी सरकारच येऊन बसलं.

सरकारी पैसा असतो तिथे त्याचा हिशेब लिहिणारी माणसं असतात, आणि त्यांच्या मागून तो हिशेब विचारणारी. पहिली माणसं रोज दिसतात. दुसरी वर्षातून एकदा येतात, कोपऱ्यातलं एखादं टेबल किंवा मीटिंगची खोली अडवून दोन-चार आठवडे बसतात, आणि त्या दिवसांत कचेरीत एकच वाक्य फिरतं: ‘ऑडिट लागलंय.’ शाळेत बेरजा बरोबर येणारा, कॉमर्सला गेलेला मुलगा किंवा मुलगी या दुसऱ्या गटात कशी पोहोचते, आणि पोहोचल्यावर तिच्यात काय बदलतं, हे पाहायला बेलापूरसारखी जागा नाही.

गोंधळ शब्दांपासूनच सुरू होतो. लेखापाल, लेखाधिकारी, लेखापरीक्षक, महालेखापाल, आणि सगळ्यांच्या वर भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक. ही पूर्ण पदवी एका दमात म्हणणारा माणूस सरकारी नोकरीतलाच असणार. बाकीचे ‘कॅग’ म्हणून मोकळे होतात. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्याला मात्र ‘एजी’, म्हणजे महालेखापाल, ठाऊक असतो, आणि तो घोटाळे काढणारा म्हणून नाही. भविष्य निर्वाह निधीची वार्षिक स्लिप त्याच्याकडून येते आणि निवृत्त झाल्यावर पेन्शनची कागदपत्रं त्याच्याकडेच जातात. मुंबईत महर्षी कर्वे रस्त्यावरचं प्रतिष्ठा भवन हा पत्ता किती तरी निवृत्त शिक्षकांना आणि तलाठ्यांना पाठ असेल.

हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेकडे हिशेब लिहिण्याचं काम कसं, हा प्रश्न रास्त आहे. इंग्रजी अमदानीत दोन्ही कामं एकाच खात्याकडे होती. १६ नोव्हेंबर १८६० रोजी एडमंड ड्रमंड हा पहिला ऑडिटर जनरल कामावर रुजू झाला. तोच दिवस आता लेखापरीक्षा दिवस म्हणून पाळतात. केंद्र सरकारचे हिशेब १९७६ मध्ये कॅगकडून काढून मंत्रालयांकडे दिले गेले. राज्यांचे हिशेब जुळवायचं काम मात्र अजूनही कॅगच्याच माणसांकडे आहे. १९८४ मध्ये एवढंच झालं, की लेखा आणि लेखापरीक्षा अशी दोन वेगळी कार्यालयं केली गेली. घर एकच, चुली दोन.

बेलापुरातले हे शेजारीही एकाच पद्धतीने तपासले जात नाहीत. कोकण भवनातल्या सरकारी खात्यांचं ऑडिट कॅगची माणसं थेट करतात. त्यांना तो अधिकार १९७१ च्या कायद्याने दिला आहे. महापालिकेला स्वतःचा मुख्य लेखापरीक्षक असतो, शिवाय राज्याचा स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग; तिथे कॅग मुख्यतः मार्गदर्शक आणि देखरेख करणाऱ्याच्या भूमिकेत. रिझर्व्ह बँकेचे ऑडिटर केंद्र सरकार नेमतं, आणि वाटलं तर सरकार कॅगलाही तपासणीला पाठवू शकेल अशी तरतूद बँकेच्या १९३४ च्या कायद्यात आहे. सिडको आणि कोकण रेल्वे यांची गोष्ट आणखी निराळी, कारण कायद्याच्या दृष्टीने या दोन्ही कंपन्या आहेत. सिडको १७ मार्च १९७० रोजी स्थापन झाली. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये, तेव्हा भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६. रेल्वे असूनही कंपनी, म्हणून तिला कंपनीसारखा ताळेबंद काढावा लागतो आणि त्यावर चार्टर्ड अकाउंटंटची सही लागते.

हिशेबनिसाला सरकारी ऑडिटपर्यंत नेणारा पहिला दरवाजा इथेच उघडतो.

चार्टर्ड अकाउंटंटची संस्था १ जुलै १९४९ पासूनची, म्हणजे आपल्या राज्यघटनेपेक्षा काही महिन्यांनी थोरली. सीए होणाऱ्याची खरी शाळा म्हणजे आर्टिकलशिप. पूर्वी तीन वर्षांची होती, २०२३ च्या नव्या अभ्यासक्रमात दोन वर्षांची झाली. वाशी-बेलापूरच्या कुठल्याही व्यापारी संकुलात दुसऱ्या मजल्यावर एखादं सीएचं ऑफिस असतं आणि त्यात तीन-चार मुलं व्हाउचरच्या गठ्ठ्यांत मान घालून बसलेली असतात. बिल आहे का, बिलावरची रक्कम आणि वहीतली रक्कम एक आहे का, मंजुरीची सही आहे का, पैसे गेले त्या दिवशी बँकेत नोंद आहे का. जुळलं की टिक. हजारो टिका मारल्यावर एक गोष्ट अंगी मुरते. माणूस काय सांगतो हे ऐकण्याआधी नजर कागद शोधू लागते.

हा मुलगा पुढे सीए झाला, भागीदारांबरोबर फर्म काढली, की ती फर्म कॅगच्या यादीसाठी अर्ज करू शकते. भागीदार किती, त्यांची वर्षं किती, फर्म किती जुनी, अशा हिशेबाने गुण मिळतात. सरकारी कंपनीचा ऑडिटर नेमण्याचा अधिकार कंपनीच्या संचालकांकडे नाही. तो कॅगकडे आहे. आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून १८० दिवसांत ही नेमणूक व्हायची असते. खासगी कंपनीत मालक ऑडिटर निवडतो आणि फीही तोच देतो. सरकारी कंपनीत फी कंपनी देते, पण माणूस दुसऱ्याने पाठवलेला असतो. एवढ्याशा फरकाने बोलण्यातला आवाज बदलतो.

गंमत पुढे आहे. या सीएने अहवाल दिला की कॅगला ६० दिवस मिळतात. त्या मुदतीत कॅगची माणसं येऊन तोच ताळेबंद पुन्हा पाहू शकतात, याला पूरक लेखापरीक्षा म्हणतात, आणि त्यांचा शेरा भागधारकांच्या वार्षिक सभेपुढे ठेवावा लागतो. म्हणजे परीक्षकाचीच परीक्षा. टेबलाच्या एका बाजूला पंचवीस वर्षांची प्रॅक्टिस असलेला सीए आणि दुसऱ्या बाजूला सीए इंटरनंतर वाट बदलून सरकारी परीक्षा दिलेला तरुण अधिकारी, असा सामनाही रंगतो. त्यात वय आणि पदव्या फारशा उपयोगी पडत नाहीत. लेखामानकाचा परिच्छेद ज्याला तोंडपाठ, त्याची सरशी.

तो तरुण अधिकारी दुसऱ्या दरवाजाने आलेला असतो. स्टाफ सिलेक्शन कमिशनची सीजीएल नावाची पदवीधरांची परीक्षा हा तो दरवाजा. तिथून ऑडिटर होता येतं. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन २९,२०० रुपये. वरच्या पायरीवर असिस्टंट ऑडिट ऑफिसर, ४७,६०० रुपयांपासून. या पदासाठी वित्त आणि अर्थशास्त्र यांचा वेगळा पेपर द्यावा लागतो, आणि सीए, कॉस्ट अकाउंटंट किंवा एम.कॉम. असेल तर बरं, असं जाहिरातीतच लिहिलेलं असतं. सगळ्यांत वरची वाट यूपीएससीची: भारतीय लेखापरीक्षा व लेखा सेवा, सुरुवात ५६,१०० रुपयांनी, आणि प्रशिक्षण सिमल्याच्या राष्ट्रीय अकादमीत. ‘यारोज’ नावाच्या जुन्या वास्तूत ही अकादमी १९५० पासून आहे.

मूळ वेतनाचे हे आकडे ऐकून सीए झालेली मुलं हसतात. मोठ्या फर्ममध्ये याहून बरंच मिळतं. तरी दरवर्षी काही जण इकडे वळतात, आणि त्याचं कारण फक्त नोकरीची शाश्वती नाही. खासगी ऑडिटमध्ये कितीही हुशारी केली तरी प्रश्नाला कुंपण असतं: हिशेब खरं आणि रास्त चित्र दाखवतो का? सरकारी ऑडिटमध्ये त्यापुढे जाऊन विचारता येतं की हा खर्च करायला हवा होता का. ज्याला एकदा हा प्रश्न विचारायची चटक लागली, त्याचं मन टिका मारण्यात रमत नाही.

पण आत आल्यावर आधी बरंच विसरावं लागतं. एसएएस नावाची खात्याची परीक्षा आहे. ती पास झाल्याशिवाय नोकरीत पाय रोवता येत नाहीत. राज्यघटना, सेवानियम, वित्तीय नियम, सरकारी लेखापद्धती. शेवटचा विषय सीएला सर्वांत जड जातो, कारण सरकार अजून रोखीच्या पद्धतीने हिशेब ठेवतं. पैसे गेले तेव्हा खर्च, आले तेव्हा जमा. सिडकोच्या मेट्रोचा पूल दरवर्षी थोडा जुना होतो हे कंपनीच्या ताळेबंदात घसाऱ्याच्या रूपाने दिसतं. सार्वजनिक बांधकाम खात्याचा रस्ता पावसात वाहून गेला तरी सरकारच्या वार्षिक लेख्यात एक पैसाही कमी होत नाही. डांबर पडलं त्या वर्षी खर्च लिहून झालेला असतो. कर्जाची थकबाकी लेख्यात दिसते, पण कंत्राटदारांची पडून राहिलेली बिलं त्यात शोधून सापडत नाहीत. म्हणून सरकारी ऑडिटर ताळेबंदापेक्षा इतर कागदांवर नजर ठेवायला शिकतो: मार्च अखेरीस एकदम किती पैसे काढले, अनुदान दिलेल्या संस्थेने उपयोगिता प्रमाणपत्र पाठवलं का, की नुसती स्मरणपत्रंच जमली आहेत.

आता त्या कोपऱ्यातल्या टेबलाकडे येऊ. तिथे बसलेल्या चमूला ‘ऑडिट पार्टी’ म्हणतात. एक सीनियर ऑडिट ऑफिसर, एक-दोन असिस्टंट ऑडिट ऑफिसर, कधी एखादा ऑडिटर. वर्षातले कितीतरी महिने दौऱ्यावर. आज बेलापूर, पुढच्या पंधरवड्यात अलिबाग, मग सिंधुदुर्गनगरी. पहिल्या दिवशी कार्यालयप्रमुखाबरोबर बैठक, चहा, यादी. कॅश बुक, निविदांच्या फायली, मोजमाप पुस्तकं, गाड्यांची लॉगबुकं. ऑडिटर लॉगबुक का मागतो हे नवख्या क्लार्कला कळत नाही. गाडी ज्या दिवशी दुरुस्तीला होती त्याच दिवशी ती साइटवर जाऊन आल्याची नोंद लॉगबुकात सापडू शकते, हे ऑडिटरला कळतं.

या माणसाचं मुख्य हत्यार म्हणजे एक कागद. त्याला ‘हाफ मार्जिन’ म्हणतात. कागद उभा दुमडून त्याचे दोन भाग करायचे. एका अर्ध्यात ऑडिटर आपला प्रश्न लिहितो आणि दुसरा अर्धा खात्याच्या उत्तरासाठी कोरा सोडतो. आता संगणकावर काम होतं आणि कागद दुमडावा लागत नाही, पण शब्द टिकून आहे. एखाद्या नोंदीवरून तुम्हाला चोर ठरवायचा अधिकार ऑडिटरला नाही. त्याने विचारायचं, उत्तरासाठी जागा सोडायची, आणि उत्तर पटलं तर मुद्दा सोडून द्यायचा. पटलं नाही तर तो तपासणी अहवालात जातो. तिथे त्याचं नाव ‘पॅरा’. पॅरा मोठा असेल तर मुंबई किंवा नागपूरच्या महालेखापालांकडे त्याचा मसुदा होतो, मंत्रालयातल्या सचिवाला उत्तर मागितलं जातं, आणि सगळ्या चाळण्यांतून उरलेला ऐवज कॅगच्या सहीने अहवालात छापला जातो. बेलापूरच्या टेबलावर निघालेल्या शंभर हाफ मार्जिनपैकी छापील अहवालापर्यंत पोहोचणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. बाकीचे वाटेत विरघळतात, आणि त्यातले बरेचसे विरघळायलाच हवे असतात.

लेखापरीक्षेचे तीन प्रकार पुस्तकात दिलेले असतात: वित्तीय, अनुपालनाची आणि कामगिरीची. पुस्तक मिटून बेलापूर स्टेशनबाहेरच्या मेट्रोकडे पाहावं. बेलापूर ते पेंधर, ११ किलोमीटर, ११ स्थानकं. काम २०११ मध्ये सुरू झालं, प्रवासी बसले १७ नोव्हेंबर २०२३ रोजी. खर्चाची प्रत्येक नोंद योग्य खात्यावर पडली का, हा झाला वित्तीय प्रश्न. तो सीएही विचारतो. कंत्राट देताना निविदेचा नियम पाळला का, पुरेशी प्रसिद्धी दिली का, वाढीव काम निविदेशिवाय जुन्याच कंत्राटदाराला दिलं का, उशिराबद्दल दंड वसूल केला का, हे अनुपालनाचे प्रश्न. आणि या मार्गाला बारा वर्षं का लागली, दरम्यान अडकून पडलेल्या पैशाने कुणाचं काय भलं झालं, ज्या तळोजावासीयांसाठी मेट्रो होती ते तोवर कशाने गेले-आले, हा कामगिरीचा प्रश्न. तिसरा प्रश्न फलाटावरचा प्रवासीही विचारतोच. फरक इतकाच की ऑडिटरला फाइल मागता येते.

सिडकोच्या बाबतीत ती मागितली गेलीही. मार्च २०२० मध्ये विधिमंडळात मांडलेल्या कॅगच्या अहवालात सिडकोच्या मोठ्या प्रकल्पांच्या निविदा प्रक्रियेवर आक्षेप होते आणि त्यावरून राजकारण तापलं. मला त्या गदारोळापेक्षा एक साधी गोष्ट लक्षणीय वाटते. सिडकोचं भांडवल म्हणजे जमीन. पंचाण्णव गावांतल्या शेतकऱ्यांकडून घेतलेली, विकसित करून विकलेली, आणि त्या विक्रीतून रस्ते, स्टेशनं, गटारं. त्या जमिनीच्या दरासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच माणसं गोळीबारात गेली. विकसित जमिनीचा साडेबारा टक्के हिस्सा मिळवायला प्रकल्पग्रस्तांना झगडावं लागलं. या शहरात एखाद्या भूखंडाची किंमत कमी लावली गेली, तर तो नुसता महसुलाचा तोटा नसतो. हे आकड्यांच्या रकान्यात मावत नाही. पण चांगल्या ऑडिटरच्या डोक्यात असावं लागतं.

बेलापूरच्या सोसायट्यांमधल्या नावांच्या पाट्या वाचत गेलं तर अर्धी जुनी लेखासंहिता सापडते: फडणीस, मुजुमदार, सबनीस, पोतनीस, चिटणीस, कारखानीस, दप्तरदार. हे सगळे आडनाव होण्याआधी हुद्दे होते. शिवकाळात मुजुमदार म्हणजे राज्याच्या जमाखर्चावर नजर ठेवणारा. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी त्या पदाला अमात्य हे नाव मिळालं. गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तिघे, एकमेकांवर वचक ठेवणारे. हजेरी आणि हिशेब सबनिसाकडे. बेलापूरचा किल्ला सिद्दीचा, मग पोर्तुगिजांचा, चिमाजी अप्पांच्या काळात मराठ्यांचा झाला. आज महापालिकेच्या घुमटापासून तो हाकेच्या अंतरावर ढासळत उभा आहे.

यातली खरी अक्कल पेशवाईतल्या दरकदारांच्या व्यवस्थेत दिसते. परगण्यावर मामलेदार असे, आणि त्याच्या हाताखाली फडणीस, मुजुमदार वगैरे दरकदार. पण हाताखाली असूनही मामलेदाराला त्यांना काढता येत नसे. त्यांची नेमणूक हुजुरातून झालेली, बहुधा वंशपरंपरेने चालत आलेली. ठरावीक कागदांवर त्यांची निशाणी असल्याशिवाय हिशेब ग्राह्य नाही. आणि मामलेदाराने काही लपवलं तर ते पुण्याला कळवणं हे त्यांचं काम. ज्याचा हिशेब तपासायचा त्याच्या हातात तपासणाऱ्याची भाकरी नसावी, हे तत्त्व आपल्याकडे असं रुजलेलं होतं. वंशपरंपरेमुळे ते पुढे किडलं, हेही खरं.

या व्यवस्थेतून वर चढलेलं सर्वांत मोठं नाव म्हणजे बाळाजी जनार्दन भानू, नाना फडणवीस. १७४२ चा जन्म. घराणं श्रीवर्धनचं, काम फडावरचे हिशेब. पानिपतातून वाचून आलेला हा हिशेबनीस बारभाईंच्या कारस्थानानंतर मराठी राज्याचा कारभारी झाला आणि १८०० साली मरेपर्यंत बहुतेक काळ तोच सत्तेचा आस होता. त्याच्या हुशारीबद्दल वाद नाही. मला अडतं ते वेगळ्या ठिकाणी: फडणीसच राज्य चालवू लागला, तर फडणिसाचा हिशेब कोणी विचारायचा?

घटनाकारांनी याच अडचणीवर कुंपण घातलं. कलम १४८ प्रमाणे कॅगला काढायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्याचीच कठीण रीत. त्याचा पगार संचित निधीतून परस्पर, त्यावर संसदेत मतदान नाही. मुदत सहा वर्षं किंवा वयाची पासष्टी, जे आधी येईल ते. आणि पद सोडल्यावर केंद्राच्या किंवा कुठल्याही राज्याच्या सरकारात दुसरं पद नाही. ३० मे १९४९ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी या अधिकाऱ्याला घटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटलं, त्याची कर्तव्यं न्यायसंस्थेहूनही मोठी मानली, आणि त्याला स्वतःचा नोकरवर्ग नेमायचं न्यायालयासारखं स्वातंत्र्य मिळत नाही याबद्दल खंत व्यक्त केली. हे बोलणारा माणूस केवळ वकील नव्हता. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ चा. सरकारी अंदाजपत्रकाची आतडी त्यांनी आधीच सोडवून पाहिली होती.

कुंपणाला फटी आहेत. त्रिलोकीनाथ चतुर्वेदी १९८४ ते १९९० या काळात कॅग होते. बोफोर्स तोफांच्या खरेदीवरचा १९८९ चा अहवाल त्यांच्या कारकिर्दीतला. पुढे ते भारतीय जनता पक्षातर्फे राज्यसभेत गेले आणि २००२ मध्ये कर्नाटकचे राज्यपाल झाले. खासदारकी म्हणजे सरकारी नोकरी नव्हे, आणि राज्यपालपदही सरकारच्या हाताखालची नोकरी नव्हे असं सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच म्हटलेलं होतं. कायदा मोडला नाही. पण ज्या खात्याने लोकांना नियमाच्या अक्षराबरोबर त्याचा हेतूही पाळायला शिकवायचं, त्या खात्याच्या प्रमुखाने अक्षरावर भागवावं, हे मला खटकतं.

मग बेलापूरचा सीए झालेला मुलगा कॅग होऊ शकतो का? घटनेत पात्रतेची अट एकही नाही, त्यामुळे मनाई नाही. पहिले भारतीय कॅग व्ही. नरहरी राव, १५ ऑगस्ट १९४८ पासून, हे लेखापरीक्षा खात्यातूनच आलेले होते. १९८४ पासून मात्र या खुर्चीवर बसलेला प्रत्येक जण भारतीय प्रशासकीय सेवेतला आहे. म्हणजे ज्याने आयुष्यभर खर्च केला तो अखेरच्या वर्षांत खर्च तपासायला बसतो, आणि ज्याने आयुष्यभर तपासला तो उपनियंत्रक होऊन निवृत्त होतो. प्रशासनाचा अनुभव कामाला येतो, हा युक्तिवाद मी समजू शकतो. इतकी वर्षं सलग एकालाही तो अनुभव लेखा सेवेत मिळाला नसेल, हे समजू शकत नाही. इंग्लंडमध्ये २००९ मध्ये आमियास मोर्स हा प्राइसवॉटरहाउसकूपर्समध्ये वाढलेला चार्टर्ड अकाउंटंट या पदावर आला आणि दहा वर्षं राहिला. अमेरिकेत मुदत पंधरा वर्षांची. १९८१ मध्ये नेमलेले चार्ल्स बाउशर आर्थर अँडरसन फर्ममधले होते. तिथे अकाउंटंटला वरची खुर्ची परकी नाही.

तरी निव्वळ अकाउंटंटच्या स्वभावालाही इथे ठेच लागते. त्याला एकच बेरीज हवी असते. २०१० च्या २जी स्पेक्ट्रमच्या अहवालात संभाव्य तोट्याचे वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेले अंदाज होते. सर्वांत कमी सुमारे ५७ हजार कोटी, सर्वांत जास्त सुमारे १ लाख ७६ हजार कोटी. लोकांच्या तोंडी एकच राहिला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, आणि डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने फौजदारी खटल्यातल्या सगळ्या आरोपींना सोडलं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, कारण चुकीचा निर्णय आणि गुन्हा या दोन वेगळ्या चीजा आहेत आणि ऑडिटर फक्त पहिलीबद्दल बोलू शकतो. पण चौकात हे कुणी ऐकत नाही. ‘कॅगने घोटाळा काढला’ हे वाक्य जितकं चुकीचं, तितकंच ‘कॅगचं काहीच सिद्ध झालं नाही’ हेही.

अहवाल छापून झाल्यावर तो राज्यपालांकडे आणि तिथून विधिमंडळाच्या टेबलावर जातो. किती दिवसांत मांडायचा हे घटनेच्या १५१ व्या कलमात लिहिलेलं नाही. त्यामुळे तो अनेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी येतो, आमदार सामान बांधत असताना. पुढे सरकारी खात्यांचे परिच्छेद लोकलेखा समितीकडे, सिडकोसारख्या कंपन्यांचे सार्वजनिक उपक्रम समितीकडे. समिती सचिवांना बोलावते, साक्ष घेते, शिफारस करते. तोवर ज्याने सही केली तो अधिकारी दोनदा बदलून गेलेला असतो आणि उत्तर देणाऱ्याला फाइल प्रथमच दिसत असते.

बेलापूरच्या त्या टेबलाशी बसणारा माणूस साठीला निवृत्त होतो. कॅगवरचं दुसऱ्या पदाचं बंधन त्याला नाही. सरकारी कंपन्या, महामंडळं, महापालिका यांच्याकडे जुने पॅरे साठलेले असतात. काही दहा-दहा वर्षांचे. त्यांची उत्तरं लिहायला माणूस लागतो, आणि ऑडिटरला काय पटतं हे ठाऊक असलेला माणूस मिळाला तर उत्तम. म्हणून जाहिराती निघतात: लेखा सल्लागार पाहिजे, महालेखापाल कार्यालयातून निवृत्त झालेल्यांना प्राधान्य. तो अर्ज करतो. मानधन ठरतं, एक टेबल मिळतं, या वेळी कोपऱ्यातलं नाही. समोर हाफ मार्जिनचा जुना गठ्ठा असतो. चष्मा पुसून तो वरचा कागद ओढतो, प्रश्नाच्या अर्ध्या भागातलं अक्षर निरखतो, आपल्याच कुण्या सहकाऱ्याचं असावं, आणि कोऱ्या अर्ध्यात लिहायला लागतो.